दहा जणांचं कर-ऑफिस आणि एक शीट: व्हॉट्सअॅपच्या गोंधळातून काम बाहेर कसं काढायचं

ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘३बी झालं का?’ (३बी म्हणजे जीएसटीचा कर भरण्याचं रिटर्न) असं विचारलं की तीन प्रकारची उत्तरं येतात. ‘हो सर’, ‘डेटा बाकी आहे’ आणि नुसता अंगठा. तिन्हींतून काहीच कळत नाही. ‘हो’ म्हणजे रिटर्न तयार झालं, सेव्ह झालं की ओटीपी टाकून खरंच फाइल झालं? ‘डेटा बाकी’ म्हणजे क्लायंटने पाठवलाच नाही, की पाठवलाय आणि तो कोणाच्या तरी फोनवर डाउनलोड न होता पडलाय? आणि अंगठा म्हणजे मेसेज वाचला, एवढंच.

हा लेख सीए किंवा कर सल्लागाराच्या आठ-दहा जणांच्या ऑफिसात नव्याने काम लावून देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी आहे. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट, गूगल ड्राइव्ह, ऑफिसच्या नंबरवरचं व्हॉट्सअॅप बिझनेस आणि एक पासवर्ड मॅनेजर, एवढ्यावर चांगलं चालतं. मात्र कुठली गोष्ट कुठे राहील हे आधी ठरवावं लागतं: कामाची स्थिती शीटवर, कागद ड्राइव्हमध्ये, बोलणं व्हॉट्सअॅपवर. ‘झालं का’ या प्रश्नाचं उत्तर चॅटमध्ये सापडत असेल तर शीट मेलीच म्हणून समजा.

आधी कामं मोजा

कुठलंही अॅप उघडण्याआधी एका कागदावर महिन्याची कामं लिहून काढा. समजा ६० क्लायंट आहेत. त्यातले ४० दर महिन्याला जीएसटी भरतात, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी मिळून ८० रिटर्न्स. उरलेले २० तिमाहीवाले. त्यांचं तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत फक्त पीएमटी-०६ चलन, म्हणजे त्या महिन्याचा कर भरणं, ती २० कामं. टीडीएस भरणा २५ जणांचा. पीएफ आणि ईएसआयसी १२-१२. बेरीज १४९. यात आयकर, ऑडिट, नोटिसा काहीच धरलेलं नाही. एवढी कामं कोणाच्याही डोक्यात राहत नाहीत, आणि चॅटमध्ये तर नाहीच नाही.

तारखाही त्याच कागदावर मांडा. टीडीएस भरणा ७ (मार्चचा ३० एप्रिल), जीएसटीआर-१ ११, तिमाहीवाल्यांचं १३, पीएफ-ईएसआयसी १५, ३बी २०, महाराष्ट्रातल्या तिमाहीवाल्यांचं ३बी २२, पीएमटी-०६ २५. शिवाय टीडीएसची तिमाही विवरणपत्रं: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे.

शीट की बोर्ड?

नवखे लोक बहुतेक वेळा ट्रेलोसारखा बोर्ड (प्रत्येक कामाचं एक कार्ड) उघडतात, कारण तो दिसायला छान असतो. दर महिन्याला तीच १४९ कामं येणार असतील तर बोर्डावर १४९ कार्डांचं रान माजतं. एका नजरेत काही दिसत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सगळी कार्डं बनवा. अशा ठरावीक, पुन्हापुन्हा येणाऱ्या कामाला ओळी-रकानेच बरे. बोर्ड ठेवा नोटिसांसाठी. एएसएमटी-१० (रिटर्नमधल्या तफावतीची नोटीस), डीआरसी-०१ (कर मागणीची नोटीस), नवी नोंदणी, अपील, यातलं प्रत्येक प्रकरण वेगळं, त्याची कागदपत्रं वेगळी, मुदत वेगळी. नोंदणीच्या अर्जावर शंका विचारणाऱ्या आरईजी-०३ ला उत्तर द्यायला कामाचे ७ दिवस मिळतात, एएसएमटी-१० ला साधारण ३० दिवस, आदेशाविरुद्ध अपिलाला ३ महिने. इथे एक प्रकरण, एक कार्ड, कार्डावर मुदत हे छान जमतं. ट्रेलोच्या मोफत योजनेत एका वर्कस्पेसमध्ये १० जणच बसतात, हे आधी मोजून घ्या.

स्लॅक या ऑफिससाठीच्या चॅट अॅपचा मोह टाळा, निदान फुकटातला. त्यात ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत, आणि कर-ऑफिसात गेल्या वर्षीचं बोलणंच नेमकं लागतं.

शीट उभी करताना

ऑफिसच्या नावाचं एक वेगळं गूगल खातं काढा आणि शीट त्याच खात्यातून बनवा. कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात बनवली तर मालकी त्याची. तो गेला की तुम्ही त्याच्या दारात. या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि तिचा फोन ऑफिसचाच ठेवा.

शीट उघडल्यावर सगळ्यात आधी ‘फाइल’ मेनूतल्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘लोकेल’ (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते) भारत करा. ही पायरी जवळपास सगळे विसरतात. लोकेल अमेरिकेचं राहिलं तर ०५/०८/२०२५ लिहिल्यावर शीट ती ८ मे समजते, आणि २०/०८/२०२५ लिहिल्यावर तिला तारीख कळतच नाही, ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. मग अर्ध्या तारखा चुकीच्या, अर्ध्या बिनकामाच्या, आणि ‘मुदत उलटली की लाल’ हा रंग भलत्याच ओळींना लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

रकाने एवढेच ठेवा: क्लायंट क्रमांक, क्लायंट, जिल्हा, काम, कालावधी, सरकारी तारीख, आपली तारीख, कोण करणार, स्थिती, कोणाकडे अडकलंय, शेवटची हालचाल, एआरएन (रिटर्न भरल्यावर पोर्टल देतं तो पावती क्रमांक) किंवा चलन. बारा झाले; तेरावा मागायला कोणी आलं तर त्याला विचारा, हा रोज कोण भरणार?

‘कालावधी’ वेगळा का, ते बघा. ‘जुलैचं ३बी’ म्हटलं की अर्ध्या ऑफिसला वाटतं जुलैची विक्री असलेलं, ऑगस्टमध्ये भरायचं. उरलेल्यांना वाटतं जुलैमध्ये भरायचं, म्हणजे जूनचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून टॅबला भरण्याच्या महिन्याचं नाव द्या, ‘२०२५-०८’ असं, वर्ष आधी. आणि कालावधीच्या रकान्यात ज्या महिन्याचा व्यवहार तो महिना. बोलतानाही ‘जुलै कालावधीचं’ म्हणायची सवय लावा. पहिले आठ दिवस लोक हसतील.

‘सरकारी तारीख’ आणि ‘आपली तारीख’ या दोन का, तेही. सरकारी तारीख हलते. जुलै २०२५ कालावधीचं ३बी २० ऑगस्टला होतं. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरती ती मुदत २७ ऑगस्ट झाली, पुण्या-नाशिकवाल्यांची २० च राहिली. जिल्ह्याचा रकाना असेल तर गाळणी (फिल्टर) लावून पाच जिल्ह्यांच्या ओळी एका मिनिटात बदलता येतात. नसेल तर कोणता क्लायंट कुठला, हे आठवत बसा. आपली तारीख मात्र सरकारीच्या दोन दिवस आधीची, आणि मुदत वाढली तरी ती हलवायची नाही.

आता स्थिती. यादीतूनच निवडता येईल असा ड्रॉपडाउन करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये यादीबाहेरचं काही लिहिलं तर नाकारायला सांगा. पाचच पर्याय: माहिती मागितली, माहिती आली, तयार, तपासलं, भरलं. ‘चालू आहे’ हा पर्याय ठेवू नका. सगळं कायम चालूच असतं. ‘बाकी’ तर मुळीच नको. बाकी हा शब्द काम करणाऱ्याला सुटकेचा वाटतो आणि विचारणाऱ्याला काहीच सांगत नाही.

‘बाकी’च्या जागी येतो पुढचा रकाना: कोणाकडे अडकलंय. त्यात चार पर्याय: क्लायंट, आपण, सर (ऑफिसचे प्रमुख), पोर्टल. पूर्ण शीटमधला सगळ्यात किमती रकाना हाच. एखादं रिटर्न ‘तयार’ आहे आणि ‘सर’कडे अडकलंय, म्हणजे आर्टिकलला (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्याला) ओरडून उपयोग नाही. ‘माहिती मागितली’ आणि ‘क्लायंट’, म्हणजे फोन करायचा. ‘तपासलं’ आणि ‘क्लायंट’, म्हणजे एकतर पैसे भरायचे राहिलेत किंवा ओटीपी मिळायचाय. दोन रकाने शेजारीशेजारी वाचले की पुढे काय करायचं ते विचारावं लागत नाही. शेवटच्या हालचालीच्या रकान्यात फक्त तारीख. कंट्रोल धरून अर्धविराम दाबला की आजची तारीख आपोआप पडते. तारीख चार दिवस हललेली नसेल तर ती ओळ सकाळच्या बैठकीत वाचायची.

भरलं म्हणजे एआरएन

‘भरलं’ निवडायला एकच अट: शेजारच्या रकान्यात एआरएन हवा. जीएसटीचा एआरएन १५ अक्षर-अंकांचा असतो आणि रिटर्न खरंच फाइल झाल्यावरच मिळतो. ही अट नसेल तर नवखा आर्टिकल सगळे आकडे भरतो, सेव्ह करतो, ओटीपीची वाट बघतो, तेवढ्यात दुसरा फोन येतो, आणि शीटवर ‘भरलं’ पडतं. कळतं कधी? पुढच्या महिन्यात. मागच्या कालावधीचं रिटर्न राहिलं असेल तर पोर्टल पुढचं भरू देत नाही, आणि त्याच महिन्यातलं जीएसटीआर-१ नसेल तर ३बी होत नाही. तोवर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (निरंक रिटर्नला २०) आणि कर थकला असेल तर वर्षाला १८ टक्के व्याज चालू झालेलं असतं. टीडीएस विवरणपत्राचं तर दिवसाला २०० रुपये. आयकर विवरणपत्रालाही हाच नियम लावा: अपलोड म्हणजे भरलं नव्हे, ३० दिवसांत ई-पडताळणी झाल्यावर ‘भरलं’.

एक बारीक खोड. चलनाचे क्रमांक आणि बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड पुष्कळदा शून्याने सुरू होतो. शीट त्याला संख्या समजते आणि पुढचं शून्य गिळून टाकते. सात अंकांचे सहा होतात आणि टीडीएस विवरणपत्रात चलन जुळत नाही. तो पूर्ण रकाना आधीच ‘फॉरमॅट’, ‘नंबर’, ‘प्लेन टेक्स्ट’ असा करून ठेवा. आकडे लिहून झाल्यावर हे केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

शीट बिघडते ती अशी

पहिल्या महिन्यात चार गोष्टी नक्की होतात. कोणीतरी साधी गाळणी लावतं आणि बाकी सगळ्यांच्या पडद्यावरच्या ओळी गायब होतात. ग्रुपवर ‘माझे क्लायंट कोणी डिलीट केले?’ असा हलकल्लोळ. प्रत्येकाला ‘फिल्टर व्ह्यू’ वापरायला शिकवा, तो ज्याचा त्यालाच दिसतो. प्रत्येकाच्या नावाचा एकेक व्ह्यू आधीच करून ठेवा: ‘कोण’ मध्ये तो, स्थिती ‘भरलं’ सोडून.

दुसरं, कोणीतरी एकच रकाना निवडून क्रम लावतं. नावं सरकतात, तारखा जागेवर राहतात. अशा वेळी हाताने दुरुस्त करत बसू नका. ‘फाइल’ मेनूत ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा, गोंधळाच्या आधीची प्रत निवडा, पूर्ववत करा. आणि मग क्लायंट, काम, कालावधी, सरकारी तारीख हे रकाने ‘प्रोटेक्ट’ करून फक्त दोघांच्या हातात ठेवा.

तिसरं, दुसरीकडून कॉपी करून चिकटवल्यावर ड्रॉपडाउन पुसला जातो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने फक्त मजकूर चिकटतो. चौथं, मुदत उलटलेल्या ओळींचा लाल रंग. आपली तारीख हा रकाना निवडून ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये ‘डेट इज बिफोर’ आणि ‘टुडे’ घेतलं की तो लागतो, पण भरून झालेल्या ओळीही लाल दिसतात. त्याला सूत्र लावत बसण्यापेक्षा ‘भरलं’ वगळलेला व्ह्यूच उघडायचा. त्यात जे लाल, ते खरं लाल.

तपासणीचं गणित

कामं अडकतात कुठे? बहुतेक ऑफिसांत एकाच टेबलावर. ऑगस्ट २०२५ चंच घ्या. ३बी साठी लागणारं २बी (पुरवठादारांच्या रिटर्न्सवरून पोर्टल बनवतं ती खरेदीची यादी) १४ तारखेला, गुरुवारी आलं. शुक्रवारी १५ ऑगस्ट, शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. सोमवार १८, मंगळवार १९, आणि बुधवारी २०. आपली तारीख १८ धरली तर हातात गुरुवार आणि सोमवार. ४० रिटर्न्स, तपासायला प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे पूर्ण ८ तास. सरांना दिवसाला तपासणीला दोनच तास मिळत असतील तर त्यांना चार दिवस हवेत, आहेत दोन. इथे कितीही चांगलं अॅप आणलं तरी गणित बदलत नाही.

बदलता येतं ते काम पुढेमागे करून. महिना सुरू होण्याआधी कॅलेंडर उघडून १४ ते २० मधल्या सुट्ट्या मोजा. पुरवठादारांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ असल्याने १२-१३ पर्यंत बहुतेक बिलं आयएमएसमध्ये (पोर्टलवर पुरवठादारांची बिलं स्वीकारायची-नाकारायची जागा) दिसू लागतात. खरेदीची मिळवणी तेव्हाच उरकायला घ्या, २बी आल्यावर फक्त फरक बघायचा. विक्रीची बाजू तर जीएसटीआर-१ बरोबर ११ ला तपासून झालेलीच असते, ती पुन्हा पहिल्यापासून तपासू नका. यामुळे १२ मिनिटांची तपासणी ५-६ मिनिटांवर येते. आणि मोठ्या, चुका होणाऱ्या क्लायंटांची रिटर्न्स सरांकडे, छोट्या सरळ क्लायंटांची एखाद्या अनुभवी सहकाऱ्याकडे अशी तपासणी वाटून द्या.

शिवाय एक मर्यादा घाला: एका माणसाच्या नावावर एका वेळी ‘माहिती आली’ स्थितीत पाचाहून जास्त ओळी नकोत. जास्त झाल्या तर नवं उघडण्याआधी हातातलं ‘तयार’ करायचं. सगळीच अर्धवट उघडून ठेवणाऱ्याची कामं १८ तारखेला एकदम सरांच्या टेबलावर कोसळतात.

व्हॉट्सअॅप बंद करू नका, ऑफिसचं करा

क्लायंट डेटा व्हॉट्सअॅपवरच पाठवणार. त्याला गूगल फॉर्म भरायला लावायचा उत्साह दोन महिन्यांत मावळतो. त्यापेक्षा ऑफिसचा एक नंबर घ्या, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका आणि सगळ्या क्लायंटांना तोच कळवा. मूळ फोनशिवाय चार उपकरणं त्याला जोडता येतात, म्हणजे चार संगणकांवर तेच चॅट दिसतं. मूळ फोन मात्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. तो १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर फेकली जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर नेमकं हेच होतं.

या नंबरवर लेबलं लावता येतात: ‘डेटा आला, उतरवायचा’, ‘ओटीपी हवा’, ‘पैसे भरायचेत’. रोज दोन वेळा, सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला, एक माणूस आलेल्या फाइली ड्राइव्हमध्ये उतरवतो, शीटवर ‘माहिती आली’ करतो आणि लेबल काढतो. फाइल चॅटमध्येच ठेवली तर काही काळाने ती डाउनलोड होईनाशी होते, आणि मग क्लायंटकडे पुन्हा मागायची वेळ येते. ‘मी पाठवलं होतं की’ हे त्याचं उत्तरही ठरलेलं.

डेटासाठी तगादा १, ४ आणि ७ तारखेला, ठरलेल्या शब्दांत. झटपट उत्तरांत हे मजकूर जतन करून ठेवा. उदाहरणार्थ, १ तारखेचा: ‘नमस्कार. जुलै महिन्याची विक्री बिलं, खरेदी बिलं आणि बँक स्टेटमेंट कृपया ५ तारखेपर्यंत पाठवावं.’ ‘डेटा पाठवा’ एवढंच लिहिलं तर फक्त विक्रीची फाइल येते आणि खरेदीसाठी पुन्हा दोन दिवस जातात.

ओटीपीचं वेगळं दुखणं. तो क्लायंटच्या फोनवर जातो, आणि क्लायंट तेव्हा गिऱ्हाइकात असतो. दिवसातली वेळ ठरवा, दुकानदारांसाठी सकाळी ११ ते १, आणि ज्यांची रिटर्न्स ‘तपासलं’ आहेत त्यांना आदल्या संध्याकाळीच कळवा. डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे आणि कधी संपतंय, यासाठी शीटला एक छोटा टॅब जोडा. मुदत संपलेली सही २० तारखेला सापडणं ही फार जुनी रड आहे.

ड्राइव्ह आणि नावं

फोल्डर तीनच पातळ्यांचे: क्लायंट, आर्थिक वर्ष, काम. ‘किरकोळ’ नावाचा फोल्डर बनवू नका. फाइलच्या नावात क्लायंट क्रमांक, कालावधी, काय आहे ते: ‘०४७_२०२५-०७_विक्री’. ‘फायनल’ हा शब्द नावात नको. त्याच्यामागून ‘फायनल-२’ आणि ‘फायनल-खरं’ येतंच.

मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून. ती भरली की मेल येणंही थांबतं. क्लायंटला आलेली नोटीस तुमच्यापर्यंत पोचत नाही आणि कोणाला कळतही नाही. बिलं रंगीत ३०० डीपीआयला स्कॅन करण्याची गरज नसते, २०० डीपीआय करड्या रंगात वाचता येतात. तरी जागा कमी पडली तर पैसे देऊन वाढवा, जुन्या फाइली पेन ड्राइव्हवर हलवण्याची कसरत करू नका.

शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय कधीच नको. पॅन, आधार, बँक स्टेटमेंट असलेले कागद आहेत ते. नावाने ईमेल टाकूनच द्या.

पासवर्ड शीटमध्ये ठेवू नका, रंगीत टॅबमध्ये लपवूनही नको. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर घ्या; ज्याला ज्या क्लायंटचं काम, त्याला तेवढेच पासवर्ड दिसतात. यात सगळ्यात जास्त घडणारी चूक: कोणीतरी पोर्टलवर पासवर्ड बदलतं आणि मॅनेजरमध्ये बदलत नाही. दुसरा जुनाच टाकत राहतो आणि खातं कुलूपबंद होतं. नियम असा की बदल आधी मॅनेजरमध्ये, मग पोर्टलवर.

सकाळची दहा मिनिटं

सव्वादहाला, उभ्यानेच. मोठ्या पडद्यावर शीट उघडायची, पुढच्या पाच दिवसांत मुदत असलेल्या आणि न भरलेल्या ओळी दिसतील असा व्ह्यू. काल कोणी काय केलं हे विचारायचं नाही. दहा जणांनी दोन-दोन मिनिटं बोललं तरी वीस मिनिटं जातात आणि ऐकत कोणीच नसतं. फक्त अडकलेल्या ओळी वाचायच्या: कोणाकडे, कधीपासून, आज कोण हलवणार. लांब चर्चा निघाली की त्या दोघांनी नंतर बसायचं. एखादा घरून काम करत असेल तर गूगल मीटवर जोडा. तीन किंवा त्याहून जास्त जण असले तर मोफत मीट ६० मिनिटांनी तुटतं, झूम ४० मिनिटांनी, पण तुमची बैठक तितकी लांबली तर दोष मीटचा नाही.

आता एक नाजूक मुद्दा. शीट बहुतेक वेळा मरते ती सरांमुळे. ते रात्री नऊला ग्रुपवर ‘अमक्याचं झालं का?’ विचारतात, कोणीतरी तिथेच उत्तर देतं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे शीटऐवजी ग्रुपवर उत्तर देऊ लागतात. शीट भरायची कशाला, सर तर चॅटच वाचतात! सरांना एवढंच पटवायचं असतं की जे शीटवर दिसतं ते विचारायचं नाही. शीटवरचं चुकीचं वाटलं तर त्या खान्यावर कॉमेंट टाकायची आणि ‘@’ लावून त्या माणसाच्या नावावर करायची. त्याला मेल जातो, आणि उत्तर त्या ओळीलाच चिकटून राहतं. पहिले दोन आठवडे ग्रुपवरच्या अशा प्रश्नाला एकच उत्तर द्या: शीटच्या त्या ओळीची लिंक.

आर्टिकल परीक्षेच्या रजेवर जातो तेव्हा

आर्टिकल सीए परीक्षेआधी महिनोन्‌महिने रजेवर असतात आणि मुदत संपली की जातातच. म्हणून प्रत्येक क्लायंटचं एक पानी टिपण करून ठेवा, गूगल डॉक्समध्ये, त्याच्याच फोल्डरमध्ये. त्यात पोर्टलवर सापडणाऱ्या गोष्टी लिहू नका. लिहायचं ते असं: फोन मालक उचलत नाहीत, हिशेब वहिनी बघतात, दुपारी ३ नंतर करावा. टॅलीचा बॅकअप येतो, पण रोखीची विक्री वेगळ्या वहीत असते. दोन राज्यांत नोंदणी आहे, महाराष्ट्राची २७ ने आणि गोव्याची ३० ने सुरू होते, बिलांवर नंबर अदलाबदल होतात. रजेच्या आधी आठ दिवस नवा माणूस हे पान समोर ठेवून एक रिटर्न स्वतः तयार करतो, जुना फक्त बघतो. पानात जे नव्हतं आणि विचारावं लागलं, ते लगेच पानात लिहायचं.

माणूस कायमचा जात असेल तर त्याच दिवशी चार ठिकाणं बघायची: ड्राइव्ह आणि शीटमधून त्याचा ईमेल काढणं, पासवर्ड मॅनेजरमधून काढून त्याच्या क्लायंटांचे पासवर्ड बदलणं, ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये त्याचा संगणक दिसत असेल तर बाहेर काढणं, आणि त्याने वैयक्तिक खात्यातून बनवलेल्या फाइलींची मालकी ऑफिसच्या खात्यावर घेणं. शेवटचं त्याच्या हातूनच करून घ्यावं लागतं, म्हणून तो निघण्याआधी.

तीन महिन्यांनी काय मोजायचं

कोण किती वाजता ऑनलाइन होतं, कोणी किती मेसेज टाकले, हे मोजू नका. लोक मग मेसेजच टाकत बसतात. शीटमधून तीनच आकडे काढा. आपल्या तारखेला किंवा त्याआधी किती कामं भरली गेली. तपासणीतून किती परत गेली, आणि कोणत्या चुकीमुळे. आणि प्रत्येक क्लायंटच्या ओळी किती दिवस ‘क्लायंट’कडे अडकून होत्या.

तिसरा आकडा काढायला शीटवर शेवटची हालचाल पुसली जाते ही अडचण आहे, म्हणून दर सोमवारी त्या टॅबची एक प्रत ‘सोमवार’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकत जा. बारा आठवड्यांच्या प्रती शेजारीशेजारी ठेवल्या की दिसतं: साठातले सहा-सातच क्लायंट दर महिन्याला १७-१८ तारखेपर्यंत डेटा देत नाहीत, आणि ऑफिसातली जागरणं त्यांच्यापायीच होतात. त्यांच्याशी फीबद्दल बोलायला बसाल तेव्हा त्या बारा प्रतींची छापील पानं सोबत न्या.